मदत हवी आहे: बंद घरासाठी कॅमेरा की टायमर?

मंडळी, सुट्टीत आम्ही सगळेच बाहेर, घराला कुलूप. (तारखा मुद्दामच लिहीत नाही!) मागच्या सुट्टीत शेजारी दिवसाढवळ्या चोरी झाली. कुलूप शाबूत, कडी-कोयंडाच उचकटलेला. म्हणून आम्ही दाराला लॅच बसवून घेतलं. दागिने लॉकरमध्ये, दारात पार्सलं साचू नयेत म्हणून ऑर्डरी बंद, फोटो परत आल्यावरच टाकायचे. हे शेवटचं मुलीला पटवताना नाकी नऊ आले.

अडलंय कॅमेऱ्यापाशी. वाय-फायवाला घेतला तर नेट गेल्यावर मोबाइलवर काही दिसणार नाही. मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग होईल, पण चोराने कॅमेराच उचलला तर? त्यापेक्षा संध्याकाळी आपोआप दिवा लावणारा टायमर पुरेल का? कोणी दोन्ही वापरलंय का?