लढाया, किल्ले, तोफा: सोलापूरकरांनो, आपापले किस्से टाका

लष्करी इतिहासाचं वेड कुणाकुणाला आहे इथं? कुठनं लागलं, कुठली माहिती डोक्यातनं जातच नाही, सगळं लिहा. सुरुवात मी करतो. शाळेत भुईकोट म्हणजे आमच्यासाठी सिद्धेश्वर तलावाशेजारची डबा खायची जागा, बास. या किल्ल्यावरनं आदिलशाही आणि निजामशाहीची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली आणि निजामशाहीतल्या चांदबिबीच्या आदिलशहाशी झालेल्या लग्नात तो हुंड्यात दिला होता हे कॉलेजात कळलं. पोरीबरोबर अख्खा किल्ला द्यायचा आणि पुढं परत त्याच्यावरनंच मारामाऱ्या करायच्या, काय बोलायचं!

बोरीकाठ
आमचं आजोळ नळदुर्गकडं. आजी रझाकारांच्या गोष्टी सांगायची, पण फौज कशी आली म्हणून विचारलं की "सोलापूरकडनं, रस्त्यानं" एवढंच. बीएला इतिहास घेतल्यावर तो रस्ता म्हणजे काय ते समजलं. 13 सप्टेंबर 1948, निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजेच्या मेजर जनरल जे. एन. चौधरींची मुख्य चढाई सोलापूरहूनच निघाली आणि पहिल्या दिवसाची सगळी मेख होती ती बोरी नदीवरच्या पुलात, कारण दिवस पावसाळ्याचे, पूल गेला असता तर पुढची सगळी वाहनं अलीकडंच अडकली असती. 7 व्या ब्रिगेडनं पूल शाबूत ताब्यात घेतला, 2 ऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गवर हल्ला केला आणि त्याच दिवशी दुपारी आपले लोक उमरग्यात. 17 तारखेला निजामानं हात टेकले. पुस्तकात हे दोन ओळीत उरकलेलं असतं, म्हणून मी पोरांना सांगतो की आधी नकाशा घ्या, मग सनावळ्या. आणि नळदुर्गला गेलात तर नर-मादी धबधब्याजवळ फोटो काढून माघारी येऊ नका, उपळी बुरुजावर चढा. पायऱ्या अरुंद आहेत, दम लागतो, पण वर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत आणि किल्ल्याचा सगळा पसारा तिथनं एका नजरेत येतो.

बार्शीकर
तोफांचा विषय निघालाच आहे तर, विजापूरची मलिक-ए-मैदान बघितली असेल सगळ्यांनी, सिंहाच्या जबड्यात हत्ती चिरडलेला. ती मूळची विजापूरची नाहीच की ओ. 1549 ला अहमदनगरात ओतली, नंतर आमच्या शेजारच्या परांड्याला होती, 1632 ला तिथनं विजापूरला नेली. 55 टनांच्या आसपासचं धूड! त्या काळच्या रस्त्यांनी कसं ओढलं असेल, बैल किती, हत्ती किती, भीमा कुठं ओलांडली, यावर आम्ही मित्र अख्खी रात्र भांडलोय. निकाल लागला नाही.

एमपीएससी_परत_एकदा
आष्टीची लढाई, 20 फेब्रुवारी 1818. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, दुसरा बाजीराव पेशवा निसटला, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. तीन आष्ट्यांमध्ये आपली मोहोळ तालुक्यातली, बीडची नाही आणि वर्ध्याची तर नाहीच. क्लासच्या नोट्समध्ये चुकीचं छापलेलं, मी तेच घोकत होतो.

वॉर्ड नंबर सात
डॉ. कोटणीस लष्करी इतिहासात धरायचे का? मी तर धरते. 1910 ला सोलापुरात जन्म, 1938 ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, जपानशी युद्ध पेटलेलं असताना चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीबरोबर राहून जखमींची ऑपरेशनं केली, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडंच गेले, वय फक्त 32. लढाईच्या पुस्तकात सेनापतींची नावं असतात, टाके कुणी घातले ते कुणी लिहित नाही. मी नर्सिंगला असताना भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पहिल्यांदा बघितलं, तेव्हापासनं कुठलीही लढाई वाचली की आधी बघते, जखमींना कुठं नेलं, कोण होतं तिथं. बहुतेक वेळा उत्तर मिळतच नाही!

मंगळवेढ्याची ज्वारी
माचणूर राहिलं की राव. तिथंच भीमेच्या काठावर शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेब 1695 पासनं चारेक वर्षं तळ टाकून होता, म्हणजे दिल्लीचा सगळा कारभार इथनं चाललेला. आमच्या वर्गात सर हे सांगायला लागले तर मागचा एकजण म्हणाला, "सर, एवढ्या लोकांना पाणी कुठलं?" सरांनी खिडकीतनं बोट दाखवलं, "ती काय, नदी."