शब्दचर्चा: झाडाला थंडी ‘लागते’ म्हणजे नक्की काय?

गच्चीकर
आमच्या रंकाळ्याकडच्या बागवाल्या मंडळींसाठी दोन पानांचं टिपण लिहितोय. विषय अमेरिकेतल्या ‘प्लांट हार्डिनेस झोन’ नकाशाचा, म्हणजे कुठलं झाड कुठल्या भागातल्या थंडीत तगेल ते पट्ट्यापट्ट्यांनी दाखवणाऱ्या नकाशाचा. तिथल्या कृषी खात्याने २०२३ मध्ये तो नव्याने काढला, त्यात जवळजवळ अर्धा देश अर्ध्या पायरीने उबदार बाजूला सरकलेला दिसतो. हे मराठीत सांगायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. मोबाईलवरच्या भाषांतराने ‘कडकपणा क्षेत्र’ दिलंय. कडकपणा शिळ्या भाकरीत असतो, नाहीतर हेडमास्तरांत. झाडाला काय म्हणावं?

शाहूपुरीचा
‘काटक’ आहे की! अंगाने बारीक पण दमदार. नुसताच बारीक तो काटकुळा.

आजरेकरीण
काटक छान आहे, पण त्यात सगळंच येतं. ऊन, पाणी, आपलं दुर्लक्षसुद्धा. माझी कोरफड काटक आहे, महिनाभर पाणी विसरलं तरी तिला चालतंय. तीच कडाक्याच्या हिमात ठेवा, एका रात्रीत लिबलिबीत होईल. नकाशातलं ‘हार्डी’ फक्त थंडीपुरतं आहे ना? मग ‘थंडीसोशीक’ म्हणा.

शाहूपुरीचा
सोशीक म्हटलं की मला सासुरवाशीण दिसते.

आजरेकरीण
दिसू दे. तीही तग धरूनच असायची.

निवृत्त मास्तर
‘झोन’चं बघू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कमरेचा पट्टा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ‘कटिबंध’ म्हणजेही तेच, कटि म्हणजे कंबर. पृथ्वीच्या कमरेला बांधलेले पट्टे, असं ते चित्र. पण उष्ण कटिबंध म्हटलं की अर्धी पृथ्वी डोळ्यासमोर येते, आणि इथे तर एका जिल्ह्यात दोन-तीन झोन निघू शकतात. ऊसपट्टा, कापूसपट्टा आपण रोज म्हणतो, तसा ‘पट्टा’ घ्या. ‘विभाग’ नको. महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग आधीच आहेत, ते पाऊस, माती आणि पिकं धरून पाडलेले. दोन्ही ‘विभाग’ झाले तर गोंधळ उडेल. गच्चीकर, तो नकाशा नेमकं मोजतो काय, ते आधी लिहा. त्याशिवाय नाव सुचणार नाही.

गच्चीकर
मास्तर, मोजतो एकच गोष्ट. प्रत्येक वर्षातली सगळ्यांत थंड वेळ घ्यायची, बहुधा ती पहाटेची, आणि अशा ३० वर्षांची सरासरी काढायची. २०२३ च्या नकाशाला १९९१ ते २०२० ही वर्षं आणि १३,४१२ केंद्रांच्या नोंदी घेतल्यात. एकूण १३ पट्टे, प्रत्येक १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सिअस. प्रत्येकाचे परत ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग. २०१२ च्या नकाशापेक्षा नवा सरासरीने अडीच अंश फॅरनहाइट गरम आहे. तिथल्या माणसाला त्यातून कळतं की जी कुंडी हिवाळ्यात घरात ओढायची ती आता बाहेर ठेवून बघता येईल. मात्र सरासरी ती सरासरी. एखाद्या वर्षी एकच वाईट रात्र आली तर झाड गेलंच. खातं स्वतःच बजावतं की या सरकण्यात नव्या, दाट नोंदींचाही वाटा आहे, एवढ्यावरून हवामानबदल सिद्ध झाला असं समजू नका.

आजरेकरीण
मग कोल्हापूर कुठल्या पट्ट्यात?

गच्चीकर
आपली वर्षातली सगळ्यांत थंड पहाट दहा-बारा अंशांच्या आगेमागे धरली तर ११ किंवा १२. मोजपट्टीचं जवळजवळ शेवटचं टोक. म्हणजे त्या हिशेबाने आपल्याकडे थंडीने मरण्याची भीतीच नाही, सगळंच ‘हार्डी’. आणि हाच घोळ झाला. मी तीन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून सफरचंदाचं रोप आणलं. विकणारा म्हणाला, “कुठंबी येतंय, थंडी सोसतंय.” खोटं नव्हतं. तीन हिवाळे ते जिवंत आहे, पानं हिरवीगार, आणि फूल एक नाही.

शिरोळचा ऊसवाला
न्हवं, सोसणं वेगळं आणि लागणं वेगळं. आमच्यात म्हणतात गव्हाला थंडी लागते. सफरचंदाला थंडी लागते, त्याला थंडी *वाजत* नाही. तुम्हाला-मला वाजते.

निवृत्त मास्तर
वा! अहो, हेच धरा. मराठीत थंडीची क्रियापदंच एवढी आहेत की नामाला लटकायची गरज नाही. थंडी *वाजते* ती अंगाला. *सोसते* म्हणजे मरत नाही. *बाधते* म्हणजे नुकसान होतं, पानं करपतात. *मानवते* म्हणजे अंगी लागते, हरभऱ्यासारखी. आणि *लागते* म्हणजे तिच्यावाचून काम अडतं. ‘लागणे’ तर बहाद्दरच आहे: रोप लागलं म्हणजे मुळं धरली, आंबा लागला म्हणजे फळ धरलं, ऊन लागलं म्हणजे माणूस आडवा झाला. सफरचंदाच्या जुन्या जातींना सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. ‘अ‍ॅना’ किंवा हिमाचलातली ‘हरिमन ९९’ अशा जाती त्याच्या बऱ्याच कमी तासांत भागवतात. तुमची जात कुठली?

गच्चीकर
लेबलवर नुसतं ‘अ‍ॅपल’.

शिरोळचा ऊसवाला
मग झालं! आमच्या उसाचा साखर-उतारासुद्धा रात्री गार पडल्यावर चढतो. नुसत्या जिवंत राहण्यावर साखर येत नाही.

आजरेकरीण
एक शंका. शेवंतीला थंडी लागते असं आई म्हणायची. पण माझ्या अंगणात दोन कुंड्या शेजारी आहेत. एकीवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडतो. अंधारातली दिवाळीला भरून आली, दिव्याखालची तीन आठवडे नुसत्या पानांवर.

गच्चीकर
ताई, तिला थंडी लागत नाही, लांब रात्र लागते. दोन्ही बरोबरच येतात म्हणून आईंना तसं वाटलं असणार. टिपणात हे घालतो. हिवाळा ऊबदार झाला तरी रात्र तेवढीच लांब राहणार, त्यामुळे शेवंतीची मला काळजी नाही. फ्लॉवरची आहे. गड्डा गच्च भरायला त्याला गारवा लागतो. उकाड्यात गड्ड्यातूनच पानं फुटतात किंवा तो भातासारखा मोकळा होतो, गेल्या डिसेंबरात माझा तसाच झाला.

शाहूपुरीचा
मग शेवटी लिहिणार काय?

गच्चीकर
नकाशासाठी ‘थंडीसोशीक पट्टे’. आपल्यासाठी वेगळा रकाना, ‘किती थंडी लागते’, आणि त्याखाली तासांचा आकडा. त्या तासांना ‘शीततास’ म्हणतोय. एक शब्द लिहू की दोन?

निवृत्त मास्तर
एकच. समास आहे.