कायरोप्रॅक्टिकसोबत अ‍ॅक्युपंक्चर: आधी सुया की आधी मणका?

ऋतुजा_नाशिक
वय ४२, बैठं काम, तीन महिन्यांची कंबरदुखी. एमआरआयमध्ये एल४-एल५ची (चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यामधली) चकती किंचित फुगलेली. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा नाही. कायरोप्रॅक्टिकची (हाताने मणक्याला झटका देऊन करायचा उपचार) चार सत्रं झाली. दर वेळी दोन दिवस कंबर मोकळी वाटते, मग पुन्हा आखडते. जोडीला अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचं झालं तर एकाच दिवशी चालेल का? आधी काय? आणि किती सत्रांनी थांबायचं?

मणिबंध
झटक्याने सांध्याची हालचाल तात्पुरती वाढते, चकती आत जात नाही. भोवतालचे स्नायू धरलेलेच राहिले तर दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. सुयांचा उपयोग झाला तर तो इथे, स्नायू सैल पडण्यासाठी.

एकाच दिवशी चालतं, पण पहिली दोन सत्रं वेगळ्या दिवशी घ्या, नाहीतर अंग कशाने दुखलं आणि आराम कशाने पडला हे कळणारच नाही. पुढे एकत्र घेताना आधी सुया, साधारण २० मिनिटं. मग सगळ्या काढून मोजायच्या, पाच-दहा मिनिटं बसायचं, चार पावलं चालायचं आणि मगच मणका. याच क्रमाने जास्त गुण येतो असं सिद्ध झालेलं नाही. सैल कमरेला जोर कमी लावावा लागतो, एवढंच त्यामागचं कारण. सुया अंगात असताना मात्र झटका कधीच नको. सुई वाकते किंवा खोल जाते.

कंबरेसाठी नेहमीचे बिंदू बीएल २३ आणि बीएल २५, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या कंबरमणक्याच्या खालच्या पातळीवर, मध्यरेषेपासून दीड त्सुन बाजूला. एक त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याच्या सांध्याची रुंदी. सुई ०.२५ ते ०.३० मिमी जाडीची, ४० मिमी लांबीची. बीएल २३ला बाहेरच्या बाजूला तिरकी आणि खोल घातली तर मूत्रपिंडाला धोका, म्हणून बारीक अंगाच्या माणसाला उथळच. जड, भरल्यासारखी कळ आली तर ठीक. विजेसारखी चमक पायात गेली तर सुई लगेच मागे घ्यायला सांगा.

सुईदोरा
उपाशीपोटी जाऊ नका आणि पहिल्या वेळी पालथं झोपूनच सुया घ्या. बसून घेतल्या की घाम, मळमळ, चक्कर येण्याचं प्रमाण वाढतं. तसं झालं तर सुया काढून पाय उंच करायचे.

थांबण्याबद्दल: अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सत्रं देतं आणि सुधारणा दिसली तरच आणखी ८. आपण त्याहून कडक राहावं. किती मिनिटं सलग बसता येतं आणि वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती सेंटिमीटर वर राहतात, हे दर आठवड्याला लिहा. सहा सत्रांत आकडे हलले नाहीत तर बंद करा. तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७च्या शिफारशींत दोन्ही उपचार आहेत. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं, आणि हाताने करायचे उपचारही व्यायामाला जोडूनच. व्यायाम चुकवून हे दोन्ही करणं म्हणजे पैसे वाया.

ऋतुजा_नाशिक
मान आणि खांदेही भरून येतात. तिथेही हेच?

मणिबंध
तिथे सावध राहा. खांद्यावरच्या जीबी २१ या बिंदूखाली फुप्फुसाचं टोक असतं. सरळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. धाप आणि छातीतली कळ काही तासांनीही सुरू होते, तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं. मानेच्या झटक्याने धमनीचा आतला थर फाटण्याचा धोका दुर्मीळ, पण पक्षाघातापर्यंत नेणारा. मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र कळ, तोल जाणं, दुहेरी दिसणं, जीभ जड होणं यातलं काहीही असेल तर मानेला हात लावू द्यायचा नाही.

सुईदोरा
हाडं ठिसूळ असणं, दीर्घकाळ स्टेरॉइड, ताप आणि वजन घटणं (मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दिसतो) असेल तर झटका बाद. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दोघांनाही आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, म्हणून नोंदणी क्रमांक मागा. कायरोप्रॅक्टिकसाठी तशी परिषद नाही. पदवी कुठली आणि किती वर्षांची, ते विचारा. आणि सुयांचं पाकीट तुमच्यासमोरच फोडलं गेलं पाहिजे.