‘पैशाची कार्ये’ पाठ करून गृहकर्जाचा हप्ता कमी होतो का?

घोडबंदरकर:
माझी मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘पैसा, बँकिंग आणि वित्तीय व्यवस्था’ या विषयाचे तिचे पुस्तक रविवारी चाळले आणि संताप आला. वस्तुविनिमयाच्या अडचणी, पैशाची कार्ये, पतनिर्मिती, रोख राखीव प्रमाण, रेपो दर! तीस वर्षांपूर्वी मीही बहुतेक हेच घोकले होते आणि परीक्षा संपताच विसरलो होतो. जी मुलगी वडापावचे पैसेही यूपीआयने देते, तिला गहू देऊन कापड घेणाऱ्या माणसाची गोष्ट कशासाठी सांगायची? त्यापेक्षा गृहकर्ज कसे घ्यावे, एसआयपी कशी करावी, हे शिकवा. सध्या तरी शुल्क पाण्यात गेले आहे.

निवृत्त शाखाधिकारी, नौपाडा:
उत्तर देणार नव्हतो, परंतु ‘त्यापेक्षा गृहकर्ज शिकवा’ हे वाचून राहवले नाही. २०२३ साली आमच्या शाखेत एक तरुण अभियंता कर्जखात्याचा उतारा घेऊन आला होता. २०२२च्या आरंभी त्याने ४० लाखांचे कर्ज साडेसहा टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले होते आणि हप्ता होता २९,८२३ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्याचा व्याजदर ९ टक्के झाला. सुमारे ३९ लाख बाकीवर महिन्याचे व्याजच २९,२५० रुपये होत होते. म्हणजे हप्त्यातून मुद्दल फिटत होते अवघे ५७३ रुपये. ‘पण माझा हप्ता तर बदललाच नाही,’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी हिशेब करून दाखवला, की याच हप्त्याने कर्ज फिटायला आणखी ४४ वर्षे लागतील. तेव्हा तो खुर्चीवर टेकला. त्याला अर्ज अचूक भरता येत होता; रेपो म्हणजे काय, हे मात्र ठाऊक नव्हते. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली आहेत. हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये बँकांना बजावले. पण ज्याला दुखणेच कळले नाही, तो औषध कसे मागणार? आपण ज्या धड्याला नाक मुरडता, गृहकर्ज त्याच धड्यात आहे.

खाडीपलीकडचा, कोपरखैरणे:
साहेबांचा हिशेब बरोबर आहे. पण टेबलाच्या पलीकडे बसून सर्वच हिशेब बरोबर येतात. माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. निवृत्तीचे ११ लाख त्यांनी एका सहकारी बँकेच्या दोन शाखांत विभागून ठेवले, कारण एक शाखा बुडाली तरी दुसरी वाचेल, असे त्यांना वाटे. २०१९मध्ये त्या बँकेवर निर्बंध आले आणि तेव्हा कळले, की ठेव विमा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारी भरपाई, बँकेगणिक मोजतात, शाखेगणिक नव्हे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. ती मर्यादाही १९९३पासून १ लाखच होती. फेब्रुवारी २०२०मध्ये ती ५ लाख झाली. आम्हाला ५ लाख मिळायला दोन वर्षे लागली आणि उरलेल्या पैशांची वाट पाहत वडील गेले. माझ्या भाच्याच्या पुस्तकात ठेव विम्याला चार ओळी आहेत आणि पैशाच्या कार्यांना नऊ पाने.

निवृत्त शाखाधिकारी, नौपाडा:
आपल्या वडिलांविषयी मनापासून वाईट वाटते. तरीही सगळ्या सहकारी बँकांना एकाच तराजूत तोलू नका. ज्या काळात मोठ्या बँका फेरीवाल्याला दारातही उभे करत नसत, त्या काळात त्याला कर्ज सहकारी बँकेनेच दिले. खरी गोम दुहेरी नियंत्रणात होती: १९६६पासून बँकिंगचे कामकाज रिझर्व्ह बँकेकडे आणि संचालक मंडळाचा कारभार सहकार निबंधकाकडे. २०२०च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले.

खाडीपलीकडचा, कोपरखैरणे:
दुरुस्ती आमची घागर फुटल्यावर झाली. गोम कोठे होती, हे तुमच्यासारखे अधिकारी निवृत्तीनंतरच का सांगतात? फेरीवाल्याचे नाव पुढे करून संचालकांच्या सोयऱ्यांना दिलेली कर्जे झाकू नका.

निवृत्त शाखाधिकारी, नौपाडा:
मी सहकारी बँकेत एक दिवसही नोकरी केलेली नाही. आरोप करण्यापूर्वी एवढे तरी विचारायचे होते.

तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, बेलापूर:
काका, आपण दोघेही मूळ प्रश्नापासून दूर गेला आहात. धडे ठेवा, पण ते खरे तरी असावेत. पुस्तक म्हणते, की बँक १०० रुपयांची ठेव घेते, थोडी रक्कम राखून ठेवते आणि उरलेली कर्जाऊ देते; ती पुन्हा ठेव म्हणून बँकेत येते आणि हे चक्र चालू राहते. ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेत राखून ठेवायचा हा हिस्सा, म्हणजे रोख राखीव प्रमाण, २०२५मध्ये टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आला. पुस्तकी सूत्राने १०० रुपयांतून ३,३३३ रुपयांच्या ठेवी निर्माण व्हायला हव्यात. तसे काही होत नाही. बँक कर्ज मंजूर करते तेव्हाच कर्जदाराच्या खात्यात ठेव जन्माला येते, हे बँक ऑफ इंग्लंडने २०१४मध्ये स्पष्ट लिहिले आहे. मी परीक्षेत तसेच लिहिले आणि मला १०पैकी ३ गुण मिळाले. वडापावच्या पैशांचेही तेच: यूपीआयने नोट कोठेही जात नाही, केवळ दोन बँकांच्या वह्यांतील आकडे बदलतात आणि बँका आपसांतील देणे-घेणे रिझर्व्ह बँकेतील खात्यांतून मिटवतात. हा धडा पहिल्या वर्षाला नको, तर कधी हवा?

घोडबंदरकर:
तिघांनी मिळून मला पुन्हा पहिल्या वर्षात बसवल्याबद्दल आभारी आहे. साहेबांच्या ५७३ रुपयांमुळे झोप लागेना, म्हणून रात्री माझ्याच कर्जाचा उतारा काढला. २०२१मध्ये १८० महिने उरले होते. आजही १७१ उरले आहेत. तेव्हा रेपोचा धडा राहू द्या. गहू-कापडाविषयी मात्र मी तसूभरही हलणार नाही. मुलीला ठेव विम्याविषयी विचारले, तर म्हणाली, की तो भाग वर्गात घेतलेला नाही, स्वयंअध्ययनासाठी सोडला आहे.

खाडीपलीकडचा, कोपरखैरणे:
माझे वडीलही तो स्वयंअध्ययनानेच शिकले.