सेमी-अ‍ॅडजस्टेबल आर्टिक्युलेटर छोट्या लॅबला परवडतो का?

होटगीरोडलॅब: आमच्या डेंटल लॅबच्या मागे एक डॉक्टर लागलेत, यापुढे सगळं काम सेमी-अ‍ॅडजस्टेबलवरच करा. (आर्टिक्युलेटर म्हणजे वरखालच्या दातांची मॉडेल बसवून मिटवून बघायचं यंत्र; सेमी-अ‍ॅडजस्टेबल म्हणजे पेशंटच्या जबड्याप्रमाणे काही प्रमाणात जुळवता येणारं.) दर मात्र तोच! येतं काय, तर एकदोन क्राउन (दातावरच्या टोप्या), फार तर तीन युनिटचा ब्रिज, म्हणजे तीन दातांचा जोड. तेवढं साध्या हिंजवर, नुसती उघडमीट करणाऱ्या आर्टिक्युलेटरवर, निघतं. फेसबो (वरचा जबडा सांध्यापासून कुठे, कसा आहे त्याचं माप) कुणी देत नाही. मग कंडायलर गायडन्स (जबडा पुढे सरकतानाचा सांध्याचा उतार) ३० अंश, बेनेट (बाजूला सरकतानाचा कोन) १५ अंश लावून ठेवायचं. हे मीन व्हॅल्यूच, म्हणजे ठरीव सरासरी कोनांचं यंत्रच झालं ना, फक्त महागातलं? माझं मत, रेकॉर्ड येत नसतील तर घेऊच नये.

प्रोस्थो_सातरस्ता: साफ चूक. हिंजचा आस दातांच्या फार जवळ, त्यामुळे मिटण्याचा कंस पेशंटच्या जबड्यापेक्षा लहान पडतो. बाइट (वरखालचे दात कसे मिटतात त्याचा ठसा) जाड असेल आणि तुम्ही पिन (यंत्राची उंची धरणारी दांडी) खाली घेतली, की दात भलत्याच जागी भेटतात. मग खुर्चीत बसून झिरकोनियाचा कडक क्राउन घासायचा आम्ही. फुल माउथ केस (सगळ्या दातांचं काम) हिंजवर करणारी लॅब मला नको.

होटगीरोडलॅब: सर, फुल माउथचं कोण म्हणतंय? मी सिंगल क्राउनचं बोलतोय. शेजारचे दात शाबूत असले तर मॉडेल हातातच घट्ट बसतात.

मेणबत्ती: भांडण मशीनचं नाहीच. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार, आणि बार्शीहून वॅक्स बाइट एसटीच्या पार्सलनं येतो. डबी उघडली की एका बाजूला दबलेला, दाढांचे ठसे पुसट. तो फुली अ‍ॅडजस्टेबलवर चढवा, चूक तेवढीच राहणार. आधी सिलिकॉनमध्ये बाइट द्या.

प्रोस्थो_सातरस्ता: सिलिकॉनचं मान्य. पण प्रोट्रुझिव्ह रेकॉर्ड (खालचा जबडा पुढे काढून घेतलेला बाइट) न मागणारी लॅबही तितकीच दोषी. फेसबो मी देईन, तुम्ही लावाल?

होटगीरोडलॅब: लावू की! पण माउंटिंगला (मॉडेल यंत्रावर बसवायला) वेळ जातो, कमी फुगणारं प्लास्टर लागतं. तुमच्या बिलात त्याचे पैसे दिसायला हवेत.

बीडीएस_नवीपेठ: कम्प्लीट डेंचरमध्ये (पूर्ण कवळीत) फेसबो वापरून पेशंटला फरक जाणवत नाही, असेही अभ्यास आहेत बरं का. सरसकट सक्ती कशाला?

प्रोस्थो_सातरस्ता: डेंचरखाली म्युकोसा (हिरडीवरची मऊ त्वचा) थोडी दबते, सांभाळून घेते. हाडात बसवलेल्या इम्प्लांटवरच्या ब्रिजखाली काय दबणार? त्या केसेससाठी वेगळा दर द्यायला माझी ना नाही. सिंगल क्राउनला मात्र जादा देणार नाही.

होटगीरोडलॅब: मग सिंगल क्राउन हिंजवरच होणार, सर.