मदत हवी आहे: हवेतले पीएम २.५ मोबाईलच्या कॅमेऱ्यात दाखवायचेत, ठिपके किती ठेवू?

नमस्कार मंडळी, मी बेळगावात वडगावच्या एका मराठी शाळेत सायन्स शिकवतो. आमच्याकडं गल्लोगल्ली पॉवरलूम, थंडीत शहराभोवती उसाचं पाचट पेटवतात, पहाटे थंड हवेत तो धूर वर न जाता खालीच बसून राहतो आणि नेमकी तीच वेळ आमच्या पीटीच्या तासाची. पालकांना सांगायला गेलं की एकच उत्तर, "काय ओ सर, दिसत तर काहीच नाही." मागावरची तूस डोळ्याला दिसते म्हणून तिची काळजी वाटते (आणि ती वाटायलाच पाहिजे, मागावाल्यांचा खोकला इथं सगळ्यांनी ऐकलाय), पण पाचटाच्या, चुलीच्या, डिझेलच्या धुरातले बारीक कण (हेच पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक) केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे, ते फुफ्फुसात पार खोल जातात आणि दिसत मात्र नाहीत. ते दिसावेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप करायलोय.

आत्तापर्यंत झालंय ते असं. शाळेच्या भिंतीवर ईएसपी३२ (वायफायवालं छोटं सर्किट) आणि पीएमएस५००३ (हवेतले बारीक कण मोजणारा) सेन्सर बसवलाय, पीएम २.५ चा आकडा नेटवर येतो. पोरांच्या घरचे फोन साधे, गूगलचं एआरकोर (एआर म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावर चित्रं बसवणं) चालत नाही, म्हणून एआर.जेएस ही तयार कोडची लायब्ररी वापरून ब्राउझरमध्येच चालणारं पान केलंय, नोटीस बोर्डावरच्या छापील मार्करवर कॅमेरा धरला की समोर हवेत ठिपके तरंगतात. जीपीएसवर ठेवणार होतो पण आमच्या गल्ल्या अरुंद, पाच-दहा मीटर इकडं तिकडं झालं की ठिपके शेजारच्याच्या घरात.

आता अडलंय कुठं बगा. खरे कण दाखवायचे तर एका लिटर हवेतच लाखांनी असतात, फोन बंद पडेल. म्हणून १ मायक्रोग्रॅमला (आकडा एका घनमीटर हवेतल्या मायक्रोग्रॅमचा) १० ठिपके धरले. पण मग आकडा १५ असला तरी १५० ठिपके आणि स्क्रीन बघून धुळीचं वादळ आल्यासारखं वाटतं, ठिपके कमी केले तर १५० आकडा असलेली हवासुद्धा स्वच्छ दिसते. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५, मग कुठली धरू? पोरांना उगाच घाबरवायचं नाही आणि खोटं तर अजिबात दाखवायचं नाही, हे माझं पक्कं आहे.

अजून दोन गोष्टी. ए-फ्रेमच्या (एआर.जेएससोबत वापरलेली, ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारी लायब्ररी) टेक्स्टमध्ये देवनागरी उमटतच नाही नीट, जोडाक्षरं फुटतात. बाजूच्या कन्नड शाळेतली पोरंपण वापरणार, त्यामुळं कन्नडपण पाहिजे. आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की सेन्सर भरमसाट आकडा दाखवतो, त्याला काय करायचं सांगा की ओ.

प्रतिसाद १
सर, अक्षरांचं सोपं आहे. कॅनव्हासवर मजकूर लिहा आणि तो कॅनव्हास टेक्श्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) म्हणून चिकटवा. अक्षरं जोडायचं काम ब्राउझर करतो, देवनागरी, कन्नड दोन्ही बरोबर येतात.

प्रतिसाद २
तो सेन्सर लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरतो ते मोजतो, त्याला धुक्याचा थेंब आणि धुराचा कण सारखाच. बीएमई२८० हा आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडा, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की ठिपके बंद करून "हवा ओली आहे, आकडा धरू नका" एवढंच दाखवा. दुसरं म्हणजे आत्ताच्या आकड्याला एक्यूआयचे (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे) रंग देऊ नका. पीएम २.५ चा एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात, शेजारी कुणी कचरा पेटवला की पाच मिनिटांत तुमची शाळा लाल दिसेल आणि लोक म्हणतील हे यंत्रच खोटं.

प्रतिसाद ३
ठिपके किती यावर अडून बसू नका, एकट्या चित्रावरून कुणालाच अंदाज येत नाही. दोन चौकोन शेजारी शेजारी ठेवा, डावीकडं कायम १५ चा, उजवीकडं आजचा, माप दोन्हीला एकच. मग १ मायक्रोग्रॅमला २ ठिपके ठेवले तरी फरक कळतो. ६० चा तिसरा चौकोन बटणावर द्या. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१९ मध्ये एआरमध्ये असेच कण दाखवले होते, तिथंही आपल्या शहराची हवा दुसऱ्या शहराशी ताडून बघता येत होती. आणि कण मोठे करून दाखवलेत हे ठळक लिहा, नाहीतर पोरं घरी जाऊन तेवढेच कण शोधत बसतील.

धागाकर्ता
मनापासून आभार सगळ्यांचे. दोन चौकोनांचं एकदम पटलं, १५ आणि आजचा असंच करतो, रंग काढून टाकतो. सकाळी सात आणि दहा असे दोन आकडेपण शेजारी ठेवून बघणार आहे, पीटीचा तास पुढं ढकला म्हणायला हेडमास्तरांपुढं काहीतरी दाखवायला पाहिजे. खानापूरकडच्या एखाद्या शाळेतले कुणी इथं आहेत का? रानाजवळच्या हवेचा आकडा तिसऱ्या चौकोनात घालता आला तर फार उपयोग होईल, सेन्सर जोडून द्यायला मी स्वतः येतो.