मदत हवी आहे : साखरेचा आधार न घेता ओट्सची लापशी आवडू लागावी यासाठी काय करावे?

नमस्कार. सकाळच्या न्याहारीला घरी शिजवलेली ओट्सची लापशी नेहमी असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिचे गुण मला पटलेले आहेत. अडते ते जिभेपाशी. वाटीभर लापशी मी संपवते, परंतु आवडीने खात नाही, आणि केवळ कर्तव्य म्हणून खाल्लेला पदार्थ रोजच्या जेवणात फार काळ टिकत नाही. म्हणून ज्यांना पूर्वी लापशी आवडत नव्हती आणि आता आवडते, अशांचे अनुभव मला विशेषकरून हवे आहेत.

माझी मुख्य अडचण चवीपेक्षा पोताची आहे. ओट्स शिजले की त्यांना बुळबुळीतपणा येतो आणि दोन-चार घासांनंतर तोच तोंडात रेंगाळत राहतो. यातला पेच असा की, हा बुळबुळीतपणा ज्या बीटा-ग्लुकन नावाच्या विद्राव्य तंतूमुळे येतो, त्याच्यासाठीच तर ओट्स खायचे असतात. तो पाणी धरून दाट होतो, त्यामुळे अन्न आतड्यांतून सावकाश पुढे सरकते आणि खाल्ल्यानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. शिवाय तो पित्ताम्ले बांधून शरीराबाहेर नेतो आणि ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल कमी करण्यास उपयोगी मानले जाते आणि 40 ग्रॅम कोरड्या ओट्समधून त्यातले साधारण निम्मे मिळते. त्यामुळे हा दाटपणा पूर्णपणे घालवायचा नसून तो जिभेला खुपणार नाही अशा रीतीने लापशी शिजवायची आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टींचा निश्चित उपयोग होतो. चपटे ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून घेतले, तर त्यांचा कच्चट, पिठूळ वास जातो आणि कण बऱ्यापैकी सुटे राहतात. थंड पाण्यात ओट्स घालून ते हळूहळू तापवले तर लापशी अधिक मऊ आणि चिकट होते, याउलट उकळत्या पाण्यात घालून फारसे न ढवळता शिजवले तर दाणे आपला आकार टिकवतात, कारण सतत ढवळण्याने त्यांतले स्टार्च बाहेर पडते. चिमूटभर मीठ मी शिजतानाच घालते. गोड लापशीतही त्याने धान्याची मूळ चव उठून येते. मात्र हे सारे करूनही लापशी ताटलीत आल्यावर काही मिनिटांतच आळते आणि पुन्हा गोळा होते. वरून गरम पाणी किंवा दूध घालून ती सैल करता येते, पण तेव्हा चव पातळ होते.

अख्ख्या दाण्याचे तुकडे करून मिळणारे, म्हणजे न चेपलेले ओट्स मला जास्त आश्वासक वाटतात, कारण ते चावून खाता येतात. त्यांना शिजायला 20 ते 30 मिनिटे लागतात, हीच सकाळच्या घाईत अडचण. ते रात्री भिजवून ठेवल्यास वेळ वाचतो, पण मग चावण्यातला तो कणखरपणा किती उरतो?

दुसरा प्रश्न गोडीचा. साखर, मध किंवा गूळ घातला की लापशी सहज खाल्ली जाते, यात शंका नाही. परंतु दिवसभरातील वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण 25 ग्रॅमच्या आत ठेवणे हिताचे असते आणि दोन चमचे साखरेतच त्यातले 8 ते 10 ग्रॅम संपतात. पिकलेले केळे शिजतानाच कुस्करून घातले तर गोडी पुरते, पण बुळबुळीतपणा वाढतो. सफरचंदाच्या फोडी आणि दालचिनी यांचा मेळ मला त्याहून बरा वाटला. भाजलेले बदाम किंवा अक्रोड अगदी शेवटी घातले तर कुरकुरीतपणा मिळतो आणि पोटही अधिक वेळ भरलेले राहते.

तिखट-मिठाच्या लापशीविषयी मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे. कांदा, मशरूम, मिरपूड, वर उकडलेले अंडे, अशी ती करणाऱ्यांनी कृपया पाण्याचे प्रमाण लिहावे, कारण गोड लापशीसाठी मी एक वाटी चपट्या ओट्सना दोन वाट्या पाणी घेते आणि भाज्यांना सुटणारे पाणी धरल्यास ते कमी करावे लागेल असे दिसते. ती दुधाशिवाय, नुसत्या पाण्यात शिजवूनही भरीव लागते का?

गोडाची सवय ज्यांनी हळूहळू मोडली, त्यांनी साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी केली की एकदम बंद केली, आणि साधी लापशी बेचव वाटेनाशी व्हायला साधारण किती काळ लागला, हेही कळवावे.